चांगुणाबाईंना मी बंद केलं

१२ नोव्हेंबर १९७२, रविवार. ढोकरवाडी, ता. पारनेर

सेमिनरी सोडताना आमच्या गुरुजींनी ही वही हातात ठेवली. म्हणाले, "मार्तंड, तुझे गुण लोक सांगतील. दोष मात्र तुझे तूच लिहीत जा." पाच महिने वही ट्रंकेत पडून होती. आता पाळक म्हणून पहिल्याच मंडळीत नीट बस्तान बसलंय, तर सुरुवात करायला हरकत नाही.

आज देवळात बेचाळीस माणसं होती. दुष्काळाचं वर्ष, सगळी आठवडाभर पाझर तलावाच्या कामावर खडी फोडून दमलेली, तरी पाऊण तास कुणी हललं नाही. विषय नम्रता. फार चांगला झाला. मंडळीचे पंच सहादेव पाटोळे दारात थांबून म्हणाले, "पाळकसाहेब, आसा उपदेस ह्या देवळानं ऐकलाच न्हवता." चौदा वर्षं घंटा वाजवणारा माणूस, त्याला कळतं.

प्रार्थना मी आदल्या दिवशी कागदावर लिहून शास्त्रात, म्हणजे बायबलात, ठेवतो. बिनकागदाची मला जमत नाही. त्यात दोष कसला? कलेक्टरकडे जाताना माणूस अर्ज नीट लिहून नेतो, मग देवासमोर वेडंवाकडं का बोलावं? पण प्रेमलाला काही सांगायची सोय नाही. बायको नगरात वाढलेली, तोंडाने फटकळ. म्हणते, "अर्जाला तिकीट लावलंत का?"

आजचा दोष: सापडला नाही. उद्या पाहू.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

नको झालं आज.

गहिनीनाथबाबा साळवे वारले, त्यांची माती होती. ओढ्याकाठी आमची दफनभूमी, उघडी, झाड म्हणजे दोन बाभळी. शास्त्र उघडलं आणि वाऱ्याने कागद उचलला. बाभळीत अडकला, सुटला, ओढ्याच्या कोरड्या पात्रात गेला. सगळ्यांनी पाहिलं. मी "हे प्रभू" म्हणालो आणि पुढे काहीच नाही. परत "हे प्रभू" म्हणालो. प्रेमला म्हणते फार वेळ नव्हता. तिला काय माहीत, ती कुठे माझ्या जागी उभी होती!

मग बायकांतून चांगुणाबाई शेलार पुढे आल्या. ह्या मिशनच्या जुन्या बायबलबाई. तीस वर्षं खेडोपाडी पायी हिंडून बायकांना शास्त्रातल्या गोष्टी सांगितल्या. आता पासष्टी उलटली, तरी पोटासाठी खडी फोडतात. पदर डोक्यावर ओढला आणि सरळ बोलायलाच लागल्या. बाबांच्या बैलांची नावं घेतली. त्यांच्या विड्या काढल्या, रागीटपणा काढला, एकदा सुनेवर हात उगारला होता तोही सांगितला. शेवटी म्हणाल्या, "आता ह्याला आत घे बाबा. लई उन्हात हुबा ऱ्हायलाय." सगळी ढसाढसा रडली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, पण धूळ फार होती.

परतताना कुणीसं म्हणालं, "मातीला शांती मिळाली." म्हणजे माझ्याने मिळाली नसती!

दफनभूमीत पाळक हजर असताना बाईने प्रार्थना करणं शिस्तीला धरून नाही. एवढंच. मला राग आलेला नाही.

१९ नोव्हेंबर, रविवार

उपासना झाल्यावर दारात हात मिळवायला उभा राहिलो. सातजण आले. बाकी सगळी आत, चांगुणाबाईंच्या बसायच्या पोत्याभोवती. कुणाचं पोर आजारी, कुणाची म्हैस दावणीला उपाशी, सगळ्यांना त्यांच्याकडून प्रार्थना हवी. मी शास्त्र काखेत धरून तसाच उभा. शेवटी घरी आलो.

प्रेमलाने विचारलं, "तोंड का उतरलंय?" म्हटलं, ऊन लागलं.

आजचा दोष: उन्हात टोपी घातली नाही.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

संध्याकाळी सहादेव आले. बसायला सांगितलं तरी बसेनात. "पाळकसाहेब, सांगू का नगं आसं झालंय." मग सांगितलं. आज सकाळी चांगुणाबाई अनवाणी, डोक्यावर निवदाची पाटी, लिंबाचा पाला, नारळ घेऊन शिवेवरच्या मरीआईच्या देवळाकडे जाताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या.

हे काय साधंसुधं नाही. आमच्या लोकांच्या आज्या-पणज्यांनी ह्याच मरीआईचा गाडा ओढला, पाठीवर कोरडे ओढून घेतले. त्यातून बाहेर पडलो. ह्या मंडळीत माणूस दारू प्याला तर समज देतात, पण मरीआईची पायरी चढला तर त्याला माफी नाही. आणि चढावी कुणी, तर बायबलबाईने!

प्रेमला आतून म्हणाली, "अहो, आधी त्यांना विचारा तरी. दहा घरं सोडून तर राहतात." मी म्हणालो, पाळकाने दारोदार चौकशा करत हिंडू नये. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे प्रभूच्या नावाने भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस घेतात ते प्रभुभोजन, त्याच्या तयारीची सभा शनिवारी आहे. भांडणं मिटवायची, दोष सांगायचे, ते तिथेच होतं. तिथे विचारीन. सगळ्यांसमक्ष.

ह्यात माझा काही वैयक्तिक भाव आहे का, हे गुडघे टेकून तपासलं. अजिबात नाही.

२ डिसेंबर, शनिवार

सभा झाली. चांगुणाबाईंना उभं केलं. मी विचारलं, "मंगळवारी तुम्ही मरीआईच्या देवळात गेला होता? हो की नाही, एवढंच सांगा."

"गेले हुते. पन पाळकसाहेब—"

"एवढं पुरे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे पाहिलं. निर्णय लिहूनच नेला होता: सहा महिने प्रभुभोजनातून बंद. वाचताना आवाज खणखणीत लागला. रिवाजाप्रमाणे बंद केलेल्या माणसाने मागे दाराजवळ बसायचं असतं. म्हातारी वाकली, आपलं पोतं उचललं आणि मागे जाऊन बसली. कुणी चकार शब्द काढला नाही. आज मला पहिल्यांदा वाटलं की ही मंडळी माझ्या हातात आहे.

घरी येऊन पाहतो तर चांगुणाबाई आमच्याच चुलीपाशी! प्रभुभोजनाचा रस वीस वर्षं त्याच करतात. मनुका भिजवायच्या, उकळायच्या, फडक्यातून पिळायच्या. प्रेमलाला दाखवत होत्या, "लई पिळायच्या न्हाईत, बियाचा कडवटपना उतरतो." मला बघून उठल्या, "सलाम पाळकसाहेब. बाईस्नी दाखवून ठिवलं, म्हंजी उद्या आडायला नगं." आणि गेल्या.

प्रेमलाने माझं ताट वाढलं आणि आपलं आत नेलं.

३ डिसेंबर, रविवार

प्रभुभोजन. मी रांगेने ताट घेऊन फिरतो, मागून सहादेव प्याला. शेवटच्या पोत्यापाशी पोचलो आणि वळलो. त्यांनी नुसती मान खाली घातली होती.

रस गोड झाला होता.

१४ डिसेंबर, गुरुवार

पाझर तलावाच्या कामावर गेलो होतो, आपल्या लोकांना भेटायला. मुकादमाच्या छपराशेजारी एक बाई गुडघ्याला फडकं बांधून बसलेली. राहीबाई. वीस एकरांचं चांगलं शेतकरी घर, पण यंदा विहिरीला टिपूस नाही, म्हणून तीही आमच्या बायकांच्या ओळीत बसून खडी फोडते. मला हाक मारली, "ओ पाळक, हिकडं या."

गेलो. बाईने तिथेच सगळं काढलं. तिची सून अंबिका बाळंतपणानंतर तापाने फणफणत होती. राहीबाईने मरीआईला पाच मंगळवार निवद बोलला. चार झाले, आणि पाचव्याच्या आधी धोंडा गुडघ्यावर पडला. पाय टेकवेना. घरातले पुरुष जनावरं घेऊन छावणीला गेलेले, भावकीतलं कुणी फिरकेना. "मी रडत बसले हुते. चांगुणाक्का म्हनली, दे हिकडं, मी नेते. मी म्हनलं, आगं तुजा द्येव येगळा, तुला चालंल का? तर म्हनली, देव येगळा आसंल, वझं येगळं हाय का?"

"देवीपुढे काय केलं त्यांनी?" मी विचारलं.

"काय न्हाई. पायरीवर पाटी ठिवली, गुरवाला हाक मारली आन् भाईर हुबी ऱ्हायली. हात सुदिक जोडला न्हाई. तिथं हुबी ऱ्हाऊन तिच्या येसूला माज्या सुनंचं नाव सांगितलं म्हनं. सून उठली की! आता कुनाच्यानं उठली ते तुमी आन् गुरव बसून ठरवा."

ती थांबली कुठे! "तिच्या हातनं निवद ग्येला म्हनून माज्या घरच्यांनी मला बाटगी म्हनून चुलीपासनं उठावलं. आन् तिला तुमी उठावलं. दोगी बी उठलो. तुमच्यात आन् आमच्यात फरक तो काय मग?"

चांगुणाबाई वीस हातांवर खडी फोडत होत्या. ऐकू गेलंच असणार. हातोडी थांबली नाही.

वाटेत विचार केला. देवळापर्यंत गेल्या हे खरंच ना? मग नियम तो नियम. सहा महिने आपोआप सरतील. आता मागे फिरलो तर उद्या पोरंसोरंही मला जाब विचारतील. झाकली मूठ सव्वा लाखाची.

वरचं सगळं पुन्हा वाचलं. पटत नाही. पण खोडतही नाही.

२६ डिसेंबर, मंगळवार

ख्रिस्तजयंती पार पडली. मिलोच्या, म्हणजे रेशनवरच्या अमेरिकन ज्वारीच्या, लाल पिठाच्या करंज्या, सारण म्हणजे कामावर मिळणारी सुकडी. तरी पोरांनी नाचत खाल्ल्या. चांगुणाबाईंनी मागून गायनाला आवाज दिला आणि पुढे सगळ्यांचे आवाज त्यांच्या आवाजामागे गेले. बंद केलेल्या माणसाने गाऊ नये असा नियम नाही. शोधला.

राहीबाई प्रेमलालाही भेटली आहे. कसं कळलं? आज सकाळी प्रेमला म्हणाली, "तुम्हाला बारा दिवसांपासून माहीत होतं." प्रश्न नव्हताच तो. मी चहा पीत राहिलो.

७ जानेवारी १९७३, रविवार

लिहायलाच हवं, नाहीतर गुरुजींना काय तोंड दाखवू.

उपासना सुरू व्हायच्या आधी प्रेमलाने आपली चटई उचलली आणि मागे चांगुणाबाईंच्या शेजारी टाकली. पाळकाची बायको! मी पाहिलं नाही असं दाखवलं. उपदेश झाला. ताट उचललं, पहिल्या रांगेपुढे गेलो. गहिनीनाथबाबांची विधवा मालनबाई पहिली. तिने हात जोडले आणि मान हलवली. मला वाटलं, नवऱ्याच्या दुःखात असेल. दुसऱ्याने मान हलवली. तिसऱ्याने. छगन साळवे, जो देवळात येतोच मुळी प्रभुभोजनाच्या दिवशी, त्यानेही. मी प्रत्येकापुढे वाकायचं आणि प्रत्येकाने तेवढ्याच अदबीने नको म्हणायचं. कुणी रागावलेलं नव्हतं. रागावले असते तर परवडलं असतं.

मागे पोचलो. चांगुणाबाई प्रेमलाला कोपराने डिवचत होत्या, "घ्या की बाई, घ्या, आसं करू नगा." प्रेमलाने माझ्या डोळ्याला डोळा भिडवला आणि घेतलं नाही.

अख्ख्या देवळात दोघांनी घेतलं, मी आणि सहादेवने. तुकडे तसेच ताटात. ते टाकता येत नाहीत. उपासनेनंतर आत बसून एकेक खाल्ला. लाज वाटली. दुसरा शब्द नाही. अशी लाज की भिंतीकडे तोंड करून खाल्ले.

घरी आल्यावर ओरडलो. "माझी अब्रू चव्हाट्यावर आणलीस!" ती भाकरी थापत म्हणाली, "मी फक्त चटई हलवली हो. अब्रूला हातही लावला नाही."

९ जानेवारी, मंगळवार

सहादेव यादी घेऊन आले. ज्यांनी प्रभुभोजन नाकारलं ती सगळी नावं. "समद्यांना बंद करा. ढील दिली की डोक्यावर बसत्यात." अडतीस नावं. प्रेमलाचंही होतं, त्याच्यापुढे कंसात 'पाळकीणबाई' असं अदबीने लिहिलेलं. हसू यायला हवं होतं.

म्हटलं, "सहादेव, मग देवळात उरेल कोण?"

"तुमी आन् मी."

त्यांनी ते अगदी सरळपणे सांगितलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. दोन डिसेंबरला सभेपुढे उभा राहून माझं तोंड असंच दिसलं असेल. यादी ठेवून घेतली आणि चुलीत घातली.

३ फेब्रुवारी, शनिवार

आज तयारीच्या सभेत मोकळा झालो. उभा राहिलो आणि म्हणालो, "चांगुणाबाईंच्या बाबतीत माझ्यापर्यंत माहिती अपुरी पोचली होती. त्यातून गैरसमज झाला. त्यांच्यावरची बंदी मी उठवतो." चांगुणाबाईंना पुढे बोलावलं. लोकांनी सुस्कारा सोडला. एकदोघी रडल्या. कुणीतरी गायन सुरू केलं.

घरी येताना हलकं वाटत होतं. माझी चूक कबूल करण्याइतकी नम्रता देवाने मला दिली, ह्याबद्दल आभार मानले.

प्रेमला म्हणाली, "छान बोललात. फक्त माहिती पोचवली कुणी, म्हणून सगळे सहादेवांकडे वळून बघत होते, तेवढं तुम्ही बघितलं नाहीत."

४ फेब्रुवारी, रविवार

सगळ्यांनी प्रभुभोजन घेतलं. सहादेव आले नाहीत. घंटाही वाजली नाही. लोक आपले अंदाजाने आले.

६ फेब्रुवारी, मंगळवार

चांगुणाबाई आल्या. मला वाटलं आभार मानायला. ओट्यावर बसल्या, पाणी प्याल्या आणि म्हणाल्या, "सहादेवला तोंडघशी का पाडलं?"

"मी त्यांचं नावही घेतलं नाही."

"त्येच म्हनते मी. तुमी नाव न घेता बरुबर नेम धरला. कामावर समदी त्याला चहाडखोर म्हनत्यात आता. बायका त्याच्या बायकूला, बनुबायला, पान्याच्या टँकरवर रांगंत घेत न्हाईत. त्यानं डोळ्यांनी बघितलं ते सांगितलं, खोटं काय सांगितलं? बघायचं काम त्यानं क्येलं. इचारायचं काम कुनाचं हुतं?"

मला राहवेना. म्हणालो, "तुम्ही तरी त्या दिवशी का बोलला नाहीत? मी अडवलं, पण तुम्ही काय कुणाच्या अडवण्याने अडणाऱ्या आहात?"

म्हातारी हसली. तोंडात चार दात. "तुमच्या आदी दोन पाळक ह्या मंडळीनं पळवलं. एकाचा उपदेस लांब, तर दुसऱ्याच्या बायकूची मान ताठ. पळवन्यात म्होरं कोन? मीच. दुसरा ग्येला तवा त्याच्या बायकूनं ष्टांडवर माज्या हाताला धरलं आन् म्हनली, चांगुणाबाई, आमचं काय चुकलं तेवढं सांगा. मला सांगता आलं न्हाई. त्या शनवारी मी तोंड उघडलं आसतं तर मंडळी तुमच्यावर उठली आसती. म्हनलं, गप ऱ्हावं. तिसरा तरी टिकंल."

माझ्या कानशिलात मारली असती तर बरं झालं असतं. मी तिला मागे बसवलं, आणि ती माझ्यासाठी मागे बसली होती.

म्हटलं, "चांगुणाबाई, मरीआईचं निमित्त होतं. मी तुम्हाला खरं बंद केलं ते—"

"ठाव हाय की. गहिनीनाथाच्या मातीपासनं तुमी माज्या तोंडाकडं बघितलंच न्हाई. म्हातारीला येवढं बी कळू नै व्हय?" मग पदराचा शेव बोटाला गुंडाळत हळू म्हणाल्या, "मी बी काय लई धुतल्या तांदळाची न्हाई, पाळकसाहेब. त्या दिशी समद्यांनी ताट सोडलं, तवा वरनं मी 'घ्या घ्या' म्हनत हुते आन् आतनं मला लई ग्वाड वाटत हुतं. किती जन माज्या बाजूचं, ते ध्यान ठिवत हुते. तवापासनं गुडघं टेकलं की त्येच आठिवतं. म्हनून आले. कुनाला तरी सांगाया पायजे ना."

मी पाळक. तिने मला सांगितलं. नुसता शेजारी बसून राहिलो. जाताना म्हणाल्या, "बरं वाटलं." मला नाही वाटलं.

दोष: मत्सर. सतरा नोव्हेंबरपासून. त्या दिवशी धूळ नव्हती.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

सहादेवांच्या घरी चौथ्यांदा गेलो. बनुबाई दारातच म्हणाल्या, "घरी न्हाईत." त्यांच्या मागे खाटेवर सहादेवांचे पाय दिसत होते. मी त्या पायांकडे बघून म्हणालो, "सहादेव, माझं चुकलं." पाय आत ओढून घेतले. बनुबाई म्हणाल्या, "आमच्या दारात आमाला सांगून काय उपेग? नाक कापलं ते देवळात."

बाई खरं बोलली.

३ मार्च, शनिवार

सभेत उभा राहिलो. कागद नव्हता. जे बोललो ते जसं आठवतं तसं लिहितो.

"मागच्या सभेत मी गैरसमज झाला म्हणालो, ते खोटं होतं. सहादेवांनी जे पाहिलं तेच मला सांगितलं. खरंखोटं करायला मी दहा घरांपलीकडे गेलो नाही, कारण मला ते खरंच हवं होतं. गहिनीनाथबाबांच्या मातीला माझी प्रार्थना अडली आणि चांगुणाबाईंची लागली. तुम्ही रडलात. मला जळफळाट झाला. त्यांना कधीतरी खाली बसवावं म्हणून मी टपलो होतो, आणि मरीआई सापडली. बारा दिवसांत खरं कळलं, तरी मी गप्प बसलो. सहादेवांना जे बोललात ते मला बोला. मी सहा महिने प्रभुभोजनातून बंद."

आणि मागे जाऊन दाराजवळ खाली बसलो. पाठ भिंतीला टेकली. खरं सांगायचं तर बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा थंड वाटलं. डोळे मिटले.

मग चांगुणाबाईंचा आवाज. "आन् उद्या प्रभुभोजन कोन देनार?"

मी म्हणालो, पारनेरच्या पाळकांना निरोप धाडा.

"त्यांच्याकडं सात गावं. यायचं आसंल तर ईस्टरला येत्याल. तवर समद्यांनी उपाशी ऱ्हायचं, तुमचं मन हलकं व्हावं म्हनून व्हय?"

मी डोळे उघडले. म्हातारी माझ्यापुढे कमरेवर हात ठेवून उभी. एवढी चिडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

"मागं बसनं सोपं आसतं, पाळकसाहेब. मी बसलेय, मला ठाव हाय. हितं कुनी तोंड बघत न्हाई. उठा. आता समद्यांना कळलंय, तर म्होरं हुबं ऱ्हाऊन दाखवा."

उठलो. देऊळ ते केवढं, बारा पावलांचं. पण त्या बारा पावलांत अडतीस तोंडं होती, आणि एकही तोंड असं नव्हतं की ज्याला माझ्याबद्दल काही माहीत नाही. पुढे जाऊन उभा राहिलो. आशीर्वाद मलाच द्यायचा होता. दिला. काय बोललो देव जाणे. प्रेमला पहिल्या रांगेत येऊन बसली होती, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

४ मार्च, रविवार

सकाळी घंटा वाजली नाही. मीच जाऊन वाजवली, वेडीवाकडी.

सहादेव आले. उपासना अर्धी झाल्यावर आले, आणि आपली पुढची पंचाची जागा सोडून मागे दाराजवळ बसले. बनुबाई शेजारी. कुणी वळून बघितलं नाही, लोकांनी तेवढं सांभाळलं.

ताट घेऊन रांगेने निघालो. मालनबाईंनी घेतलं. छगनने घेतलं. चांगुणाबाईंपुढे वाकलो तेव्हा त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. त्यांनी घेतलं, डोळे मिटले.

सगळ्यात शेवटी सहादेव. ताट पुढे केलं. त्यांनी हात मांडीवरच ठेवले. वर बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "पाळकसाहेब, हे द्यायला तुमी लायक हाय का?"

"नाही, सहादेव."

त्यांनी दोन्ही हात धोतराला पुसले आणि पुढे केले.